हाकेची पट्टी

फोन उचलला जातो, पलीकडून "हालो" येतं,
आणि मी क्षणभर गप्प राहते.
आई आहे की बाबा, कळत नाही.

बाबा कोतवाल होते. ढोल नावापुरता गळ्यात.
"ऐका हो" म्हटलं की
पाटलाच्या विहिरीतली कबुतरं उडायची.
आई महिला मंडळात काळी पाचात गायची.
पेटीवाला गणोरकर म्हणे,
"पंचफुलाबाई, माही पेटी सरते, तुमचा गळा नाही सरत."

संत्र्याच्या बागेतली वांदरं हाकलायचं काम तिचं.
गोफण, रॉकेलचा रिकामा डबा,
आणि त्यावरून निघालेली सुईसारखी हाक.
आंब्यावरचा हुप्प्या मान वळवायचा,
अर्धं खाल्लेलं संत्रं टाकून द्यायचा.

मग तिची पाळी गेली.
पुढच्या बहारापर्यंत आवाजही खाली उतरला.
हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं,
मोर्शीच्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली.
बसला म्हणता म्हणता घसा तिथंच नांदू लागला.
बँकेतली मुलगी म्हणायची, "सर, मॅडमना फोन द्या."
"मीच आहो न बाई ते मॅडम."
मंडळात ती मागच्या सतरंजीवर सरकली,
टाळ तेवढा हातात ठेवला.

गेल्या पौषात म्हातारा हुप्प्या डीपीच्या तारेला चिकटला.
वर्षभर कळपाबाहेर होता,
हुप्प करायला जायचा
आणि अर्ध्यातच फाटायचं, जुन्या पोत्यासारखं.
गावानं तिरडी बांधली, गुलाल आणला.
तेवढ्यात नागपूरच्या निमिषा सोमकुवर आल्या,
हातात वनखात्याचं पत्र:
गळा हवा, फक्त गळा.
"मारुतीरायाचा गळा कापता काय?" पारावर आवाज चढले.
आई त्या जाड्या आवाजात म्हणाली,
"घेऊ द्या. बोलून झालं त्याचं."
सगळे गप्प. आवाजाला घाबरून की शब्दांना, माहीत नाही.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बरणी ठेवलेली,
आत सुपारीहून थोडी मोठी स्वरपेटी.
निमिषाताई सांगत होत्या:
बाईचं संप्रेरक, पुरुषाचं संप्रेरक,
दोन्ही दोघांच्या अंगात, कमीजास्त.
वय झालं की बाईचं आटतं,
मग उरलेलं दुसरं घशाशी जोर धरतं,
स्वरतंतू जाड होतात.
पुरुषाचं ओसरलं की तंतू बारीक पडतात, वाकतात,
मधून वारा निसटतो.
"माणसांत असं दिसतं. वांदरांत किती,
ते नक्की नाही सांगता येत. म्हणून तर मोजते."

आईनं बरणी उजेडात धरली.
"म्हंजे हा बावा माह्यात पह्यलेपासूनच होता?
मंग इतके दिवस मुका काहून बसला होता?"

बाबा हसले. हसू मध्येच चिरकलं,
शाळकरी पोरासारखं वर गेलं.
त्यांनी खाकरून ते झाकलं, आत निघून गेले.
त्यानंतर ग्रामसभेत ते फक्त मान हलवतात.
दवंडी आता ग्रुपवर येते,
त्यात कुणाचाच घसा नसतो.

बागेत मात्र आईची हाक अजून चालते.
तरणी वांदरं पळतात,
त्यांना वाटत असेल, नवा हुप्प्या आला.
एक थोटी म्हातारी माकडीण तेवढी हलत नाही.
फांदीवर बसल्या बसल्या खर्जात काहीतरी पुटपुटते.
आई तिला एक संत्रं सोडते,
मालकाला सांगायचं नाही म्हणते.

मागच्या मंगळवारी घरी गेले तर
दोघं ओट्यावर, मध्ये गणोरकरची जुनी पेटी.
चाळीस वर्षं एकमेकांच्या पट्टीत मावले नव्हते,
आता एकाच पांढरीवर दोघांची बोटं.
आणि तरी भांडण:
"तुम्ही वर चढून राह्यले."
"तूच खाली चालली."
भजन पहिल्या कडव्यापलीकडे गेलं नाही.

काल रात्री मी फोन केला.
माझीही तारीख दोन महिने चुकलेली,
सर्दी नाही, तरी घसा भरलेला.
"हालो," मी म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग त्या दोघांतलं कुणीतरी म्हणालं,
"कोण बोलून राह्यलं?"